जीवाश्म इंधनांतील लेश मूलद्रव्यांचे मापन

जीवाश्म इंधनांतील लेश मूलद्रव्यांचे मापन ही वैश्लेषिक रसायनशास्त्राची एक उपयोजित शाखा आहे. दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांत अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या पारा, आर्सेनिक, सिलिनियम, शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम, युरेनियम इत्यादी मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविण्याच्या पद्धतींचा तीत समावेश होतो. इंधनात दर दशलक्ष भागांत १,००० भागांहून कमी प्रमाणात असलेल्या मूलद्रव्यास सर्वसाधारणपणे लेश मूलद्रव्य किंवा सूक्ष्ममात्रिक मूलद्रव्य म्हणतात. हे प्रमाण मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम या एककात देतात. ‘पीपीएम’ हे त्याचेच प्रचलित नाव आहे.

या मापनाची अचूकता केवळ उपकरणाच्या संवेदनशीलतेवर अवलंबून नसते. नमुना कसा घेतला, कसा दळला आणि विश्लेषणापूर्वी तो कोणत्या तापमानाला तापविला, यांवरही निकाल तितकाच अवलंबून असतो. नमुना तयार करताना जे मूलद्रव्य वाफेच्या रूपाने निघून जाते, ते कितीही संवेदनशील उपकरणाला नंतर सापडत नाही. त्यामुळे सर्व मूलद्रव्यांना चालेल अशी एकच पद्धत नाही. मूलद्रव्याच्या गुणधर्मांनुसार पद्धत निवडावी लागते.

स्वरूप आणि महत्त्व

कोळसा हा मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन व गंधक यांचा बनलेला असतो. त्याच्या खनिज भागात सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम इत्यादी मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणात असतात. यांखेरीज निसर्गात आढळणारी बहुतेक सर्व मूलद्रव्ये कोळशात लेशमात्र सापडतात. काही मूलद्रव्ये मूळ वनस्पतींतून आलेली असतात, काही दलदलीत वाहून आलेल्या गाळातून, तर काही कोळसा तयार झाल्यानंतर त्याच्या भेगांतून वाहिलेल्या खनिजयुक्त पाण्यातून आलेली असतात.

रशियन भूरसायनशास्त्रज्ञ केट्रिस आणि युडोविच यांनी २००९ मध्ये जगभरातील कोळशांची जी सरासरी प्रमाणे प्रसिद्ध केली, त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे आहेत (मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम):

| मूलद्रव्य | जागतिक सरासरी |
|---|---|
| पारा | ०.१ |
| कॅडमियम | ०.२२ |
| सिलिनियम | १.३ |
| युरेनियम | २.४ |
| शिसे | ७.८ |
| आर्सेनिक | ८.३ |
| निकेल | १३ |
| क्रोमियम | १६ |
| व्हॅनेडियम | २५ |

एकाच खाणीतील निरनिराळ्या थरांत या प्रमाणांमध्ये मोठा फरक असू शकतो, त्यामुळे सरासरीवरून एखाद्या विशिष्ट कोळशाविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

ही प्रमाणे अल्प दिसत असली तरी जाळल्या जाणाऱ्या इंधनाचे वस्तुमान प्रचंड असते. ०.१ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम म्हणजे एका टनात ०.१ ग्रॅम पारा. या हिशोबाने १० लाख टन कोळशात १०० किलोग्रॅम पारा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या जागतिक पारा अहवालानुसार मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे एक पंचमांश पारा कोळशाच्या ज्वलनातून येतो.

स्थानिक पातळीवरील परिणाम अधिक तीव्र असू शकतात. चीनच्या ग्वेजो प्रांताच्या काही भागांत घरातील उघड्या चुलीवर आर्सेनिकयुक्त कोळसा जाळून मिरच्या व धान्य वाळविले जात असे. तेथील काही कोळशांत आर्सेनिकाचे प्रमाण ३०,००० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅमहून अधिक आढळले असून त्या भागातील हजारो लोकांना दीर्घकालीन आर्सेनिक विषबाधा झाली. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बेल्यूज सरोवरात १९७० च्या दशकात औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तलावातील सिलिनियमयुक्त पाणी मिसळल्याने माशांच्या २० पैकी १९ जाती नाहीशा झाल्या.

लेश मूलद्रव्ये सर्वस्वी अपायकारकच असतात असे नाही. काही कोळशांत जर्मेनियम इतके असते की, चीन व रशिया येथे ते कोळशाच्या राखेपासून व्यापारी प्रमाणावर मिळविले जाते. राखेतील विरल मृदा मूलद्रव्ये मिळविण्याच्या दृष्टीनेही संशोधन होत आहे.

इतिहास

जर्मनीतील रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्टाफ किर्खहोफ यांनी १८५९-६० मध्ये वर्णपटाच्या साहाय्याने मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीच्या सुधारित रूपाने व्हिक्टर गोल्डश्मिट या भूरसायनशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात कोळशाच्या राखेचे पद्धतशीर विश्लेषण केले. जर्मेनियमसारखी विरळ मूलद्रव्ये भूकवचाच्या तुलनेत कोळशाच्या राखेत अनेक पटींनी एकवटलेली असतात, हे त्याने दाखवून दिले. याच सुमारास, १९३४ मध्ये, आल्फ्रेड ट्राइब्स याने खनिज तेलात व्हॅनेडियमयुक्त पॉर्फिरीन संयुगे असल्याचे दाखविले. ही संयुगे वनस्पतींतील हरितद्रव्यापासून आलेली असल्याने खनिज तेलाचे मूळ जैव आहे याला भक्कम पुरावा मिळाला.

१९३६ मध्ये जॉर्ज हेवेसी आणि हिल्डे लेव्ही यांनी न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषणाचा पाया घातला. १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श याने अणुशोषण वर्णपटमापन पद्धती मांडली. तिच्यामुळे धातूंचे नियमित विश्लेषण सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. रशियातील बोरिस ल्वोव्ह याने याच तत्त्वावर ग्रॅफाइट भट्टीचा उपयोग विकसित केला. १९६८ मध्ये हॅच आणि ऑट यांनी पाऱ्यासाठी शीत बाष्प पद्धत प्रसिद्ध केली. १९६० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ग्रीनफिल्ड आणि अमेरिकेत फॅसेल यांनी आर्गॉन प्लाझ्माचा विश्लेषणासाठी उपयोग केला; १९८० मध्ये हाउक, फॅसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो द्रव्यमान वर्णपटमापकाला जोडला.

साधने उपलब्ध झाली तरी निकालांतील एकवाक्यता आपोआप आली नाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत कोळसा, उडती राख, इंधन तेल आणि पेट्रोल यांचे समान नमुने अनेक प्रयोगशाळांकडे पाठवून तुलना करण्यात आली, तेव्हा एकाच मूलद्रव्याच्या निकालांत मोठी तफावत आढळली. या अनुभवानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने कोळशाचा ‘१६३२’ व उडत्या राखेचा ‘१६३३’ हे प्रमाणित संदर्भ पदार्थ उपलब्ध करून दिले. त्यांच्या पुढील आवृत्त्या जगभरातील प्रयोगशाळांत आजही वापरल्या जातात.

नमुना घेणे व तयार करणे

हजारो टन कोळशाचे प्रतिनिधित्व अखेरीस एक ग्रॅमहून कमी भुकटीला करावे लागते. कोळसा हा एकजिनसी पदार्थ नसल्याने ही पायरी सर्वांत महत्त्वाची ठरते. आर्सेनिक व पारा पुष्कळदा पायराइट या लोह व गंधक यांच्या खनिजाच्या कणांत एकवटलेले असतात. असा एखादा जाड कण नमुन्यात आला किंवा निसटला, तरी निकाल बदलतो. म्हणून सरकपट्ट्यावरून वाहणाऱ्या कोळशाचा संपूर्ण आडवा छेद ठराविक अंतराने घेऊन अनेक अंश एकत्र केले जातात. ढिगाच्या पृष्ठभागावरून किंवा वाघिणीच्या वरच्या थरातून उचललेला नमुना विश्वासार्ह मानला जात नाही. भारतात कोळशाचे नमुने घेण्यासाठी भारतीय मानक ४३६ वापरले जाते.

एकत्रित नमुना फोडून, मिसळून आणि दर वेळी त्याचे विभाजन करून टप्प्याटप्प्याने कमी केला जातो व शेवटी सुमारे ०.२ मिलिमीटरहून बारीक दळला जातो. दळणयंत्राच्या धातूमुळे नमुना दूषित होऊ शकतो. पोलादी भांड्यातून लोह, क्रोमियम, मँगॅनीज व निकेल, तर टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन व कोबाल्ट नमुन्यात मिसळते. त्यामुळे ज्या मूलद्रव्याचे मापन करावयाचे, ते दळणयंत्रात नसेल अशी निवड करावी लागते. पाऱ्यासाठीचा नमुना तापवून वाळवत नाहीत. तो हवेत वाळवून हवाबंद बाटलीत ठेवतात व जलांश वेगळ्या भागावर मोजतात. निकाल शुष्क कोळशावर आधारित आहे की मूळ ओल्या कोळशावर, हे नमूद न केल्यास दोन अहवालांची तुलना करता येत नाही.

नमुन्याचे विघटन

बहुतेक उपकरणांना नमुना द्रावणाच्या रूपात द्यावा लागतो. त्यासाठी तीन मार्ग प्रचलित आहेत.

राख करणे : कोळसा सुमारे ५०० अंश सेल्सियस तापमानाला हवेत सावकाश जाळून उरलेली राख अम्लांत विरघळवितात. अमेरिकन मानक ‘एएसटीएम डी ६३५७’ मध्ये याच मार्गाचा अवलंब केला आहे. जळाऊ भाग निघून गेल्याने मूलद्रव्ये राखेत एकवटतात व त्यांचे मापन सुलभ होते. राखेत मिळालेल्या प्रमाणाला राखेच्या टक्केवारीने गुणून १०० ने भागल्यास कोळशातील प्रमाण मिळते. उदाहरणार्थ, राखेत शिसे २० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम आणि कोळशात राख ४० टक्के असल्यास कोळशातील शिसे ८ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम ठरते. मात्र राख करताना ते मूलद्रव्य मुळीच निघून गेलेले नाही, हे यात गृहीत असते. क्रोमियम, निकेल, व्हॅनेडियम यांच्या बाबतीत ते योग्य आहे. पाऱ्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३५७ अंश सेल्सियस असल्याने तो पूर्णपणे उडून जातो, तर सिलिनियम व काही अंशी आर्सेनिक यांचीही हानी होऊ शकते. या दोहोंसाठी कोळसा एश्का मिश्रणात, म्हणजे दोन भाग मॅग्नेशियम ऑक्साइड व एक भाग सोडियम कार्बोनेट यांच्या मिश्रणात मिसळून तापवितात. हे मिश्रण बाष्पशील संयुगांना पकडून ठेवते.

अम्लविघटन : कोळसा न जाळता नायट्रिक अम्लासह बंद टेफ्लॉन पात्रात सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने दाबाखाली तापवितात. पात्र बंद असल्याने बाष्पशील मूलद्रव्ये बाहेर जात नाहीत. सिलिकेट खनिजे विरघळविण्यासाठी हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल आवश्यक असते. ते न वापरल्यास मृत्तिका खनिजांच्या जालकात अडकलेली मूलद्रव्ये अवशेषात राहतात व निकाल खऱ्या प्रमाणाहून कमी येतो. हे अम्ल त्वचेतून शिरून गंभीर इजा करणारे असल्याने त्याची हाताळणी विशेष दक्षतेने करावी लागते. विघटनानंतर उरलेले हे अम्ल बोरिक अम्लाने निष्प्रभ करतात.

संगलन : क्रोमाइट व झिर्कॉन यांसारखी खनिजे अम्लांनाही दाद देत नाहीत. अशा वेळी राख लिथियम बोरेटसह प्लॅटिनमच्या मुशीत सुमारे १,००० अंश सेल्सियस तापमानाला वितळवून मिळालेली काच सौम्य अम्लात विरघळवितात. संगलनात सर्व खनिजे फुटतात. परंतु बाष्पशील मूलद्रव्यांसाठी हा मार्ग निरुपयोगी आहे आणि द्रावणात क्षारांचे प्रमाणही वाढते.

मापनाच्या प्रमुख पद्धती

अणुशोषण वर्णपटमापन

मुक्त अणू आपल्या वैशिष्ट्यपूर्ण तरंगलांबीचा प्रकाश शोषतात आणि शोषण अणूंच्या संख्येवर अवलंबून असते, या तत्त्वावर ही पद्धत आधारलेली आहे. हवा-ॲसिटिलीन ज्योतीत द्रावण फवारल्यास तांबे, जस्त, मँगॅनीज, निकेल यांचे मापन सहज होते. शिसे, कॅडमियम यांच्या अत्यल्प प्रमाणासाठी ग्रॅफाइट भट्टी वापरतात. तीत द्रावणाचे काही सूक्ष्मलिटर टप्प्याटप्प्याने वाळवून, जाळून अखेरीस २,००० अंश सेल्सियसहून अधिक तापमानाला बाष्परूप करतात. उपकरण तुलनेने स्वस्त असते; परंतु सामान्यतः एका वेळी एकच मूलद्रव्य मोजता येते.

हायड्राइड निर्मिती

आर्सेनिक व सिलिनियम यांच्या द्रावणात सोडियम बोरोहायड्राइड मिसळल्यास त्यांची वायुरूप हायड्राइडे तयार होतात. ती तापविलेल्या क्वार्ट्झ नळीत नेऊन त्यांचे शोषण मोजतात. मूलद्रव्य वायुरूपाने द्रावणातून वेगळे होत असल्याने इतर घटकांचा अडथळा फारसा राहत नाही. त्यापूर्वी आर्सेनिक पंचसंयुजी अवस्थेतून त्रिसंयुजी अवस्थेत आणि सिलिनियम षट्संयुजी अवस्थेतून चतुःसंयुजी अवस्थेत आणावे लागते. अन्यथा संकेत कमी मिळतो.

पाऱ्याचे मापन

सामान्य तापमानालाही अणुरूप बाष्प देणारा पारा हा एकमेव धातू असल्याने त्याला ज्योतीची गरज नसते. शीत बाष्प पद्धतीत द्रावणातील पाऱ्याचे स्टॅनस क्लोराइडाने क्षपण करून बाष्प मिळवितात व २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याचे शोषण मोजतात.

अलीकडे थेट ज्वलन पद्धत अधिक प्रचलित झाली आहे. तीत सुमारे ०.१ ग्रॅम कोळसा ऑक्सिजनच्या प्रवाहात जाळतात. ज्वलनवायू उत्प्रेरकावरून नेल्यावर गंधक व हॅलोजन यांची संयुगे अडविली जातात आणि पारा सोन्याच्या सापळ्यात पारदमेलाच्या रूपाने जमा होतो. सापळा झटकन तापविल्यावर संपूर्ण पारा एकदम मुक्त होतो व त्याचे शोषण मोजले जाते. अम्लांची गरज नसल्याने दूषितीकरणाचा धोका घटतो आणि निकाल काही मिनिटांत मिळतो. राख करताना उणीव ठरणारी पाऱ्याची बाष्पशीलता येथे मापनाचे साधन बनते. ‘एएसटीएम डी ६७२२’ हे मानक या पद्धतीचे आहे.

आयसीपी उत्सर्जन व द्रव्यमान वर्णपटमापन

रेडिओ कंप्रतेच्या विद्युत चुंबकीय क्षेत्राने आर्गॉन वायूचा ६,००० ते १०,००० केल्व्हिन तापमानाचा प्लाझ्मा तयार करतात. आयसीपी हे त्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षररूप आहे. त्यात फवारलेल्या द्रावणातील अणूंनी उत्सर्जित केलेला प्रकाश मोजल्यास अनेक मूलद्रव्यांची प्रमाणे एकाच वेळी मिळतात. या प्लाझ्मातील आयन द्रव्यमान वर्णपटमापकात नेल्यास (आयसीपी-एमएस) शोधसीमा आणखी खाली जाते आणि द्रावणातील एक अब्जांश भागाहूनही कमी प्रमाण मोजता येते. युरेनियम, थोरियम, कॅडमियम, अँटिमनी व विरल मृदा मूलद्रव्ये यांसाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

तिचा मुख्य दोष म्हणजे समान द्रव्यमानाच्या बहुअणुक आयनांचा अडथळा. आर्गॉन-४० व क्लोरीन-३५ यांचा संयुक्त आयन आर्सेनिक-७५ सारखाच दिसतो. आर्गॉनचे दोन अणू एकत्र आल्यास सिलिनियम-८० चा, आर्गॉन व कार्बन यांच्या संयोगाने क्रोमियम-५२ चा, तर क्लोरीन व ऑक्सिजन यांच्या संयोगाने व्हॅनेडियम-५१ चा भास होतो. कोळशाच्या द्रावणात क्लोरीन व न जळालेला कार्बन दोन्ही असू शकत असल्याने हा धोका प्रत्यक्ष असतो. हेलियमयुक्त आघातकक्षातून आयन नेल्यास आकाराने मोठे बहुअणुक आयन अधिक ऊर्जा गमावतात व त्यांना गाळून टाकता येते.

न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण

नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर न्यूट्रॉनांचा मारा केल्यास अनेक मूलद्रव्यांची किरणोत्सर्गी समस्थानिके तयार होतात. त्यांनी उत्सर्जित केलेल्या गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येते व तीव्रतेवरून त्याचे प्रमाण काढता येते. नमुना विरघळवावा लागत नसल्याने अपूर्ण विघटनाची चूक येथे संभवत नाही. म्हणून इतर पद्धती पडताळण्यासाठी तिचा आधार घेतात. आर्सेनिक-७६ चे अर्धायुष्य सुमारे २६ तास, तर सिलिनियम-७५ चे सुमारे १२० दिवस असल्याने मापन वेगवेगळ्या वेळी करावे लागते.

या पद्धतीने शिशाचे मापन व्यवहारतः होत नाही. पारा-२०३ आणि सिलिनियम-७५ या दोहोंचे गॅमा किरण २७९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतात. त्यामुळे सिलिनियमच्या दुसऱ्या रेषेवरून त्याचा वाटा वजा केल्याशिवाय पाऱ्याचा निकाल फुगलेला येतो. अणुभट्टीची आवश्यकता ही तिची मोठी मर्यादा होय. भारतात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या अणुभट्ट्यांमध्ये सक्रियण विश्लेषणाचे कार्य झाले आहे.

क्ष-किरण अनुस्फुरण

दाबून केलेल्या कोळशाच्या वडीवर क्ष-किरण टाकल्यास प्रत्येक मूलद्रव्य वैशिष्ट्यपूर्ण दुय्यम क्ष-किरण उत्सर्जित करते. मापन जलद होते आणि नमुना नष्ट होत नाही. व्हॅनेडियम, क्रोमियम, निकेल, जस्त, शिसे यांसारख्या काही मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम व त्याहून अधिक असलेल्या मूलद्रव्यांसाठी ही पद्धत योग्य आहे. पारा व कॅडमियम यांची सर्वसाधारण प्रमाणे तिच्या शोधसीमेखाली राहतात.

खनिज तेल आणि नैसर्गिक वायू

खनिज तेलात व्हॅनेडियम व निकेल ही प्रमुख लेश मूलद्रव्ये होत. त्यांचे प्रमाण एक मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅमहून कमी ते, व्हेनेझुएलातील काही जड तेलांत, १,००० हून अधिक असते. शुद्धीकरण कारखान्यात व्हॅनेडियम उत्प्रेरकाच्या झिओलाइटची संरचना मोडते, तर निकेलमुळे हायड्रोजन व कोक यांची अनावश्यक निर्मिती वाढते. इंधन तेलातील व्हॅनेडियमपासून ज्वलनानंतर बनणारे पेंटॉक्साइड सुमारे ६९० अंश सेल्सियस तापमानाला वितळते व बाष्पित्र आणि वायू टरबाइन यांच्या धातूचे क्षरण करते. या कारणास्तव जहाजांच्या इंधनासाठी असलेल्या ‘आयएसओ ८२१७’ या मानकात व्हॅनेडियमवर मर्यादा घातलेली आहे. या दोन धातूंच्या परस्पर प्रमाणावरून तेलाच्या उगमस्तराविषयी आणि समुद्रात सांडलेल्या तेलाच्या मुळाविषयी अनुमान करता येते.

तेलाचा नमुना झायलीन किंवा केरोसीनमध्ये विरल करून थेट आयसीपी उपकरणात देता येतो. मात्र तुलनेसाठी जलीय द्रावणे चालत नाहीत. तेलात विरघळणारी कार्बनी धातुसंयुगे वापरावी लागतात. पर्यायाने तेल सल्फ्यूरिक अम्लासह जाळून राखेचे विश्लेषण करतात. पॉर्फिरीन संयुगांचा काही अंश बाष्पशील असल्याने अम्लाशिवाय राख केल्यास व्हॅनेडियम व निकेल यांची हानी होऊ शकते.

नैसर्गिक वायूत मुख्यतः पाऱ्याचा प्रश्न असतो. १९७३ मध्ये अल्जीरियातील स्किक्दा येथील द्रवीकरण प्रकल्पात ॲल्युमिनियमचे उष्णता विनिमयक पाऱ्यामुळे निकामी झाले. तेव्हापासून द्रवीकरणापूर्वी वायूतील पारा गंधकयुक्त सक्रिय कोळशासारख्या शोषकांनी काढला जातो व तो दर घनमीटरमागे ०.०१ मायक्रोग्रॅमच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले जाते. इतके अल्प प्रमाण मोजण्यासाठी मोजलेले वायूचे मोठे घनफळ सोन्याच्या सापळ्यातून नेतात. वायू वाहून नेणाऱ्या पोलादी नळीच्या भिंतीवरही पारा चिकटतो. त्यामुळे नळी आखूड, निष्क्रिय आणि तापविलेली ठेवणे आवश्यक ठरते.

अस्तित्वरूपाचे निर्धारण

एकूण प्रमाणावरून मूलद्रव्याचे ज्वलनातील वर्तन पूर्णपणे कळत नाही. पायराइटमधील आर्सेनिक कोळसा धुताना बऱ्याच अंशी वेगळे होते, कार्बनी द्रव्याशी बद्ध असलेले होत नाही. म्हणून कोळशाची भुकटी अमोनियम ॲसिटेट, हायड्रोक्लोरिक अम्ल, हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल व नायट्रिक अम्ल यांनी क्रमाने धुऊन प्रत्येक टप्प्यात किती मूलद्रव्य निघते ते पाहतात. त्यावरून ते कार्बोनेट, सिलिकेट, सल्फाइड की कार्बनी भागात आहे, याचा अंदाज करतात. सिंक्रोट्रॉन क्ष-किरणांच्या शोषण वर्णपटावरून मूलद्रव्याची संयुजा व शेजारचे अणू नमुना न विरघळविता समजतात.

गुणवत्ता नियंत्रण

निकालाची विश्वासार्हता पडताळण्यासाठी प्रत्येक गटासोबत प्रमाणित संदर्भ पदार्थाचे विश्लेषण करतात. संदर्भ पदार्थ नमुन्यासारखाच असावा लागतो. शुद्ध पाण्यात केलेल्या द्रावणाचा निकाल अचूक आला, तरी कोळशाचे विघटन पूर्ण झाल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही. नमुन्याशिवाय सर्व क्रिया करून घेतलेल्या कोऱ्या चाचणीवरून अम्ले, भांडी व हवा यांतून आलेले दूषितीकरण कळते. कोऱ्या चाचणीच्या वारंवार घेतलेल्या निकालांच्या प्रमाण विचलनाच्या तिपटीशी समतुल्य प्रमाणाला सामान्यतः शोधसीमा मानतात.

सर्वाधिक अचूकतेसाठी समस्थानिक विरलन पद्धत वापरतात. पारा-२०१ ने समृद्ध केलेला पारा नमुन्यात ज्ञात प्रमाणात प्रारंभीच मिसळून, सर्व क्रियांनंतर समस्थानिकांचे गुणोत्तर मोजतात. नमुन्यातील व मिसळलेला पारा पूर्णपणे एकरूप झाल्यानंतर काही पारा वाया गेला, तरी गुणोत्तर बदलत नाही. त्यामुळे हानीची चूक निकालात उतरत नाही.

नियमन आणि भारतातील स्थिती

पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारण्यात आला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. कोळशावर चालणारी वीज केंद्रे करारातील नियंत्रित स्रोतांत मोडतात. भारताच्या पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेद्वारे औष्णिक वीज केंद्रांच्या ज्वलनवायूतील पाऱ्यासाठी दर प्रमाणित घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरविली.

मापनातील चूक या मर्यादेच्या संदर्भात किती महत्त्वाची ठरते, हे साध्या हिशोबावरून दिसते. एक किलोग्रॅम कोळशापासून सुमारे ६ प्रमाणित घनमीटर ज्वलनवायू निर्माण होतो आणि सर्व पारा वायूतून बाहेर पडतो असे मानल्यास, ०.१ मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम पारा असलेला कोळसा सुमारे ०.०१७ मिलिग्रॅम प्रति घनमीटर एवढी पातळी देईल; म्हणजे तो मर्यादेच्या आत राहील. प्रमाण ०.२ असल्यास ही पातळी सुमारे ०.०३३ होऊन मर्यादा ओलांडली जाईल. प्रत्यक्षात काही पारा उडत्या राखेवर व गंधक निवारण यंत्रणेत अडकतो. म्हणून कोळसा, राख, जिप्सम आणि चिमणीतील वायू या सर्वांचे मापन करून आलेल्या व गेलेल्या पाऱ्याचा ताळेबंद मांडतात. ताळेबंद जुळत नसेल, तर एखाद्या टप्प्यावरील नमुना किंवा पद्धत सदोष असल्याचे मानले जाते.

भारतातील बहुतांश कोळसा गोंडवन काळातील असून त्यात गंधक कमी, परंतु राख जास्त, पुष्कळदा ३० ते ४५ टक्के, असते. महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांतील वर्धा खोरे, कामठी आणि उमरेड येथील कोळसा याच प्रकारचा आहे. चंद्रपूर, कोराडी व खापरखेडा येथील वीज केंद्रे या पट्ट्यात आहेत. राखेचे प्रमाण मोठे असल्याने अशा कोळशाच्या विश्लेषणात हायड्रोफ्ल्युओरिक अम्लाने किंवा संगलनाने सिलिकेटांचे पूर्ण विघटन करणे अधिक आवश्यक ठरते. कमी राखेच्या परदेशी कोळशासाठी पुरेशी ठरलेली अम्लांची मात्रा येथे अपुरी पडू शकते. संदर्भ पदार्थ निवडतानाही राखेचे प्रमाण लक्षात घ्यावे लागते.

ज्वलनानंतर उरलेली राख सिमेंट व विटा यांत वापरली जाते किंवा तलावात साठविली जाते. तेथे एकूण प्रमाणापेक्षा पाण्यात किती अंश झिरपतो, हे महत्त्वाचे असते. त्यासाठी राख ठराविक काळ पाण्यात किंवा सौम्य अम्लात घुसळून त्या पाण्याचे विश्लेषण करतात. आर्सेनिक, सिलिनियम, बोरॉन व मॉलिब्डेनम ही अशा चाचणीत विशेष लक्ष द्यावयाची मूलद्रव्ये आहेत.